कार्ड आहे ना, मग दवाखाना कशाला?

धारवाडातल्या शहाण्यासुरत्या माणसांना अलीकडे एक रामबाण उत्तर सापडलं आहे. सरकारी दवाखान्यात नर्स नाही? कार्ड आहे ना. औषधं बाहेरून आणायला सांगतात? कार्ड आहे ना. सप्तापुरात क्लासेस आणि वसतिगृहांत तरुण पोरंपोरी दाटीवाटीनं राहतात, त्यांच्यासाठी गर्भनिरोधनाचा नीट सल्ला देणारं एखादं केंद्र हवं, असं कुणी बोललं रे बोललं की पुन्हा तेच. आयुष्मानचं कार्ड काढलं की वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार फुकट, आता कुटुंबनियोजनाचे वेगळे दवाखाने चालवायचे म्हणजे सरकारचा पैसा नाल्यात ओतायचा. हे बोलणारे अडाणी नाहीत, हीच तर चीड आणणारी गोष्ट आहे. निवृत्त प्राध्यापक बोलतात, बँकेतून व्हीआरएस घेतलेले बोलतात, डॉक्टरही बोलतात. स्वतःच्या घरात दोनच मुलं का आहेत आणि ती दोनच कशी राहिली, याचा इतिहास मात्र यांच्यापैकी कुणी सांगत नाही.

त्यांचं म्हणणं मी त्यांच्याहून जोरात मांडतो, नंतर तक्रार नको. ते म्हणतात, कुटुंबनियोजन केंद्र ही लाल त्रिकोणाच्या जमान्यातली वस्तू आहे. तेव्हा लोकसंख्येचा बागुलबुवा होता, आता तो राहिला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत कर्नाटकाचा प्रजनन दर १.७ आला, महाराष्ट्राचाही तेवढाच. म्हणजे काम फत्ते, तंबू काढा. ते पुढे म्हणतात, सरकारनं दवाखाने चालवण्याच्या भानगडीत पडूच नये, विमा द्यावा. पैसा रुग्णाच्या मागून चालेल आणि रुग्ण त्याला पटेल त्या इस्पितळात जाईल. शिवाय वेगळं केंद्र म्हणजे वेगळी लाज, तिथली पायरी चढताना कुणी पाहिलं तर? त्यापेक्षा मोठ्या इस्पितळात सगळं एका छताखाली असलेलं बरं. आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून: या केंद्रांचा इतिहास काय आहे ते माहीत आहे ना? आणीबाणी विसरलात?

विसरलो नाही. त्याकडे येतोच. पण आधी ते कार्ड हातात घेऊन बघू.

केंद्र सरकारची आयुष्मान योजना २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीत सुरू झाली. कर्नाटकानं त्याच वर्षी मार्चमध्ये आपली आरोग्य कर्नाटक योजना आणली होती, ऑक्टोबरात दोन्हींचा संगम झाला आणि कारभार सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टकडे गेला. त्याआधी सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी २००३ पासून यशस्विनी होती, २०१० पासून वाजपेयी आरोग्यश्री होती. म्हणजे विम्याचा आपल्याकडचा संसार चांगला वीस वर्षांचा आहे. हृदयाच्या झडपेसाठी, कॅन्सरसाठी, डायलिसिससाठी या योजनांनी माणसं वाचवली, शेतं विकण्यापासून वाचवली. ते नाकारण्याइतका मी करंटा नाही. एवढं श्रेय देऊन झालं, आता पुढे.

ही योजना चालते कशावर? पॅकेजवर. प्रत्येक शस्त्रक्रियेला, प्रत्येक उपचाराला एक कोड आणि एक दर. रुग्ण भरती झाला, आरोग्यमित्रानं कागद पाहिले, मंजुरी मागवली, उपचार झाला, इस्पितळानं क्लेम लावला, पैसे आले. काही डे-केअर उपचार सोडले तर सगळा डोलारा भरती होण्यावर उभा आहे. बाह्यरुग्ण विभागात येऊन, बोलून, तपासून घरी गेलेलं माणूस या यंत्रणेला दिसतच नाही. आणि गर्भनिरोधन म्हणजे दुसरं काय असतं? तांबी बसवायला मिनिटं लागतात, खाट लागत नाही. अंतरा नावाचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं, छाया नावाच्या गोळ्या पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. पाळी चुकली, अंगावरून जास्त गेलं, चक्कर आली की बाईला कुणाला तरी विचारायचं असतं. ते विचारणं, ते धीर देणं, एक साधन सोसलं नाही तर दुसरं सुचवणं, हेच या दवाखान्याचं काम. त्याचा कोड काय, पॅकेज किती? सिस्टरनं अर्धा तास बसून एका नवऱ्याला समजावलं, तर त्याचा क्लेम कुठल्या रकान्यात भरायचा?

‘पैसा रुग्णाच्या मागून चालतो’ हे वाक्य सभेत टाळ्या घेतं. पण तांबी मागणारी बाई रुग्ण कुठे आहे? ती धडधाकट आहे. तिला धडधाकटच राहायचं आहे, म्हणून तर ती आली. विम्याला आजार लागतो, घटना लागते, बिल लागतं. कुटुंबनियोजनाच्या दवाखान्याचं यश म्हणजे काही न घडणं. नको असलेलं गरोदरपण राहिलं नाही, गर्भपाताची पाळी आली नाही, वर्षाच्या आत दुसरं बाळंतपण होऊन आईचं रक्त आटलं नाही. न घडलेल्या गोष्टीचं बिल आजवर कुठल्या ट्रस्टनं चुकतं केलं आहे? धारवाडच्या पावसात छत्रीला पैसे नाहीत म्हणायचं आणि न्यूमोनिया झाल्यावर पाच लाखांचं कार्ड पुढे करायचं, असा हा हिशेब आहे.

खासगी विम्याकडे बोट दाखवणारे तर आणखी थोर. त्यांनी आपल्याच पॉलिसीची मागची पानं एकदा चाळावीत. विमा नियामक प्राधिकरणानं सगळ्या कंपन्यांसाठी वगळायच्या गोष्टींची ठरावीक भाषा घालून दिली आहे. त्यातलं सतरावं कलम गर्भनिरोधन आणि नसबंदी बाहेर ठेवतं. अठरावं बाळंतपणाबरोबर कायदेशीर गर्भपातही बाहेर ठेवतं. म्हणजे ज्या विम्याच्या जिवावर दवाखाने बंद करायचे, तोच विमा छापील शब्दांत सांगतो आहे की हे काम माझं नाही. विम्याला एवढी लाज आहे, त्याच्या वकिलांना नाही.

आता ‘काम फत्ते’चं पाहू. १.७ हा आकडा खरा आहे. तो कसा आला तेही त्याच पाहणीत लिहिलं आहे, फक्त तिथपर्यंत वाचण्याचे कष्ट घ्यावे लागतात. कर्नाटकात विवाहित स्त्रियांपैकी ५७.४ टक्क्यांनी नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलेलं आहे. आधुनिक साधन वापरणाऱ्या दर पाचजणींत चौघींहून अधिक याच एका मार्गानं गेलेल्या. देशभरात पुरुष नसबंदी ०.३ टक्के, कर्नाटकात तर शून्याच्या घरात. आणि याच राज्यात विशीतल्या म्हणजे २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१ टक्क्यांची लग्नं अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेली. या दोन ओळी शेजारीशेजारी ठेवून पाहा. कोवळ्या वयात लग्न, लागोपाठ दोन बाळंतपणं, पंचविशीच्या आसपास ऑपरेशन, आणि मधल्या काळात पाळणा लांबवायला कुणी काही सांगितलंच नाही. याला कुटुंबनियोजन म्हणायचं? नियोजन कुणी केलं? त्या मुलीनं? ऑपरेशन म्हणजे नियोजनाचा शेवट. आधीच्या आठ-दहा वर्षांचं काम दवाखान्याचं होतं, ते न करताच राज्यानं १.७ गाठला आणि आता तोच आकडा दाखवून दवाखाना बंद करायला निघाले आहेत.

पैशाची तऱ्हाही तीच. २०१३-१४ साली देशात कुटुंबनियोजनावर झालेल्या खर्चाचा हिशेब पॉप्युलेशन फाउंडेशन ऑफ इंडियानं मांडला होता. शंभरातले ८५ रुपये स्त्रियांच्या नसबंदीवर गेले होते, पाळणा लांबवण्याच्या साधनांवर दीड रुपयाही नाही. म्हणजे पैसा तेव्हाही ऑपरेशनच्याच मागे धावत होता. विम्यानं त्याला वळण लावलं नाही, उलट डांबरी रस्ता करून दिला. कारण विम्याला कळते ती भाषाच मुळी ऑपरेशनची.

आणि ऑपरेशनची भाषा बोलायला लागल्यावर काय होतं, ते बायकांच्या पोटावर लिहिलेलं आहे. आंध्रात २००७ साली आरोग्यश्री आली. काही वर्षांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या फोफावल्या की सरकारला खासगी इस्पितळांतून त्या काढून घ्याव्या लागल्या. बिहार आणि छत्तीसगडमध्ये २०१२ च्या सुमारास राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डांवर हाच धंदा उघडकीला आला. आपल्या कलबुर्गी जिल्ह्यात लंबाणी तांड्यांवरच्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१५ मध्ये गाजलं, कर्नाटक जनारोग्य चळवळीनं ते लावून धरलं. बीडच्या ऊसतोड कामगारांचं तर महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको: २०१९ च्या सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. मान्य, बीड आणि कलबुर्गीचं पाप एकट्या विम्याच्या माथी मारता येणार नाही. तिथे मुकादम होता, उचल होती, पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नव्हता, भीती घालणारे डॉक्टर होते. पण मला सांगा, त्या बायका अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन पहिल्यांदा गेल्या, तेव्हा त्यांना तपासून ‘बाई, याला गोळ्या आहेत, पिशवी काढायची गरज नाही’ असं सांगणारं कोण होतं? असं सांगण्यात ज्याचा काडीचाही तोटा नाही, असा माणूस पगारी दवाखान्यात बसतो. पॅकेजवर चालणाऱ्या ठिकाणी तेच वाक्य म्हणजे बुडालेला क्लेम. चांगले डॉक्टर तरीही ते वाक्य बोलतात, हे त्यांचं मोठेपण. यंत्रणा मात्र चांगल्या माणसाच्या भरवशावर उभी करायची नसते.

आता त्या काळ्या इतिहासाकडे. १९७६-७७ च्या एका वर्षात देशात ६२ लाखांवर पुरुषांची नसबंदी झाली. बऱ्याच जणांना धरून आणलं होतं. त्यानंतर पुरुष त्या टेबलावरून उठले ते आजतागायत परत आले नाहीत आणि सगळा भार बायकांवर आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका दिवसात ८३ बायकांवर ऑपरेशनं उरकली आणि तेराजणी गेल्या. सर्वोच्च न्यायालयानं १४ सप्टेंबर २०१६ ला देविका बिस्वास खटल्याच्या निकालात अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं. हे सगळं खरं, आणि हे सगळं माझ्याच बाजूचा पुरावा आहे. कारण हा इतिहास शिबिरांचा आहे, दवाखान्यांचा नाही. शिबिरात आकडा असतो, दवाखान्यात नाव असतं. शिबिराचा तंबू संध्याकाळी उठतो, टाका पिकला तर विचारायचं कुणाला? शिबिर हे दवाखाना नसल्याचं फळ होतं. विषारी दारू पिऊन माणसं मेली म्हणून कुणी पाण्याचे नळ बंद करतं का?

शिवाय या क्षेत्रात विमा काही नवा पाहुणा नाही. रमाकांत राय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली कान पिळल्यावर केंद्रानं नोव्हेंबरात कुटुंबनियोजन विमा योजना काढली. तिच्यात काय मिळायचं? नसबंदीनंतर बाई दगावली तर वारसांना रक्कम, ऑपरेशन फसलं तर रक्कम, गुंतागुंत झाली तर उपचाराचा खर्च. पुढे २०१३ मध्ये विमा कंपनीला बाजूला करून सरकारनं तीच भरपाई स्वतःकडे घेतली. भरपाई द्यायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण विमा आणि कुटुंबनियोजन यांची आपल्याकडे झालेली पहिली गाठ ही अशी, बाई मेल्यावर पैसे देणारी. जिवंत बाईनं निवड करावी म्हणून काय? त्यासाठी अजून कुणी पॉलिसी काढलेली नाही.

‘एका छताखाली सगळं’ हा मुद्दा ऐकायला गोड आहे. मोठ्या सरकारी इस्पितळातली प्रसूती विभागाची सकाळची ओपीडी ज्यानं पाहिली आहे त्याला तो गोड लागणार नाही. नऊ महिने भरलेल्या बायका, रक्तदाब वाढलेल्या, कळा सुरू झालेल्या, आणि त्यांच्या रांगेत एक पोरगी ‘मला दोन वर्षं मूल नको आहे’ एवढंच विचारायला उभी. डॉक्टर तिला किती वेळ देईल? द्यावा तरी का, समोर झटके आलेली बाई असताना? धडधाकट माणसाचा प्रश्न आजाऱ्यांच्या रांगेत नेहमीच शेवटी जातो, आणि जावा हेही योग्यच. म्हणूनच त्याची रांग वेगळी हवी. एका छताखाली आणण्याच्या नावानं तो प्रश्न छपराबाहेर काढला जातो. मग तो पुन्हा आत येतो तो थेट बाळंतपणाच्या खोलीत, बाई अर्धमेली असताना, ‘तांबी बसवून टाकू का?’ असा. त्या अवस्थेतल्या मान हलवण्याला संमती म्हणायचं असेल तर म्हणा.

लाजेचं म्हणाल तर, सप्तापुरातल्या पोरीची गोष्ट घ्या. कुणा एकीची नव्हे, सगळ्यांचीच. ती शिरहट्टीची असेल, सौंदत्तीची असेल, हल्याळची मराठी बोलणारी असेल. बीए झाली, पोलीस भरतीची नाही तर केएएसची तयारी करते, सहाजणींच्या खोलीत राहते. कुणाचं लग्न ठरलं आहे, कुणाचं होऊन नवरा गावी आहे, कुणाचं काहीच ठरलेलं नाही आणि तरीही ती माणूस आहे. तिचं कार्ड कुठे आहे? घरी, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्यावरची रक्कम कुटुंबाची आहे, तिची एकटीची नाही. त्याला जोडलेला मोबाइल नंबर बहुधा वडिलांचा नाही तर भावाचा. आधार दाखवा, कुटुंबाचा तपशील सांगा, मग आरोग्यमित्र कॉम्प्युटरमध्ये नाव शोधणार. या वाटेनं जाऊन तिनं गर्भनिरोधनाचा सल्ला घ्यावा म्हणता? सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ ला अविवाहित स्त्रीलाही गर्भपाताच्या कायद्यात तोच हक्क आहे असा निवाडा दिला. हक्क दिल्लीत मिळाला, पण तो बजावायला धारवाडात कुठली पायरी चढायची? औषधाच्या दुकानात ७२ तासांची गोळी मिळते, खरं आहे. दुकानदार ती कागदात गुंडाळून देतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. महिन्यातून तिसऱ्यांदा का घेते आहेस, असं तो विचारत नाही, विचारण्याचं त्याला कारणही नाही.

नम्म क्लिनिक आहेत ना, असं लगेच म्हणतील. आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री बोम्मईंनी त्यांचं उद्घाटन आपल्याच हुबळीत, बैरिदेवरकोप्पात केलं. कल्पना चांगली आहे आणि ती विम्याची नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या: पगारी डॉक्टर, पगारी नर्स, क्लेम नाही. म्हणजे वेळ आली की सरकारलाही दवाखानाच आठवतो. पण सर्दी-खोकल्यापासून लसीकरणापर्यंत सगळं सांभाळणाऱ्या एका डॉक्टरच्या गळ्यात, दिवसाउजेडी आणि क्लासच्या वेळात, हेही काम अडकवायचं आणि मग म्हणायचं, केलं की! किशोरवयीन मुलामुलींसाठी २०१४ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, कर्नाटकात त्याला स्नेह क्लिनिक म्हणतात, महाराष्ट्रात मैत्री. या दोन नावांपैकी एखादं तुमच्या घरातल्या मुलीनं ऐकलं आहे का, एवढं आज रात्री जेवताना विचारून पाहा. राज्यात बायकांना २०२३ पासून बसचा प्रवास फुकट आहे. बस आहे, कार्ड आहे, उतरायचं कुठे तेवढं सांगा.

अमेरिकेचं उदाहरण द्यायची खोड असलेल्यांसाठी तेही. तिथे गरिबांच्या कुटुंबनियोजन दवाखान्यांना १९७० पासून ‘टायटल टेन’ म्हणून थेट सरकारी अनुदान आहे. २०१० च्या ओबामा कायद्यानं विमा वाढला तेव्हा तिथलेही शहाणे म्हणाले, आता हे अनुदान कशाला? त्याआधी २००६ मध्येच मॅसॅच्युसेट्स राज्यानं जवळपास सगळ्यांना विमा दिला होता. तिथल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांतली गर्दी ओसरेल असा कयास होता, ती वाढली. लोक कार्ड घेऊन जुन्याच दारात आले, कारण ओळखीचं माणूस तिथे होतं. आणखी एक गंमत बघा. पॉलिसी बापाच्या नावावर असली की उपचाराचा तपशील बापाच्या टपालात यायचा. मुलगी कशासाठी गेली होती ते घरी कळू नये म्हणून कॅलिफोर्नियाला वेगळा कायदा करावा लागला. तोवर मुली विमा असूनही तो न दाखवता दवाखान्यात जात. आणि तिथे निदान गरिबांच्या मेडिकेड विम्यात कुटुंबनियोजनाच्या खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं, दवाखान्याला बिल लावता येतं. आपल्या दवाखान्यानं बिल लावायचं तर कुणाला? आपण अमेरिकेतून विमा उचलला आणि त्याची ही बाजू तिथेच ठेवून आलो.

मराठी वाचकाला तर या वादात मान वर करून बोलण्याचा अधिकार आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं ते १९२१ साली, त्यापायी प्राध्यापकी गेली, १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. पुढे १० नोव्हेंबर १९३८ ला आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत ठराव मांडला की संततिनियमनाची सोय सरकारनं करावी. ठरावाच्या बाजूनं ११ मतं, विरुद्ध ५२. धारवाड तेव्हा त्याच मुंबई इलाख्यात होतं. शेजारच्या म्हैसूर संस्थानानं मात्र १९३० मध्येच सरकारी इस्पितळांतून अशी केंद्रं उघडली होती. पुढे १९४९ मध्ये मुंबईत फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन उभी राहिली, आवाबाई वाडियांनी ती वाढवली, धारवाडातही तिची शाखा आली. या मंडळींपैकी एकानंही भरपाईची योजना मागितली नव्हती. त्यांनी मागितली होती एक खोली, माहिती असलेलं माणूस आणि साधनं. शंभर वर्षांनंतर आपण पाच लाखांचा आकडा फडकावतो आणि ती खोली जुनाट ठरवतो.

दोन्ही राज्यांची सरकारं या बाबतीत भावंडं शोभतात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजनेचा विमा द्यायचं ठरवलं, त्यात हल्याळ-सुपाही आलं. कर्नाटकानं आकाशपाताळ एक केलं. विमा कुणी द्यायचा यावर दोन राज्यं हमरीतुमरीवर आली. त्या ८६५ गावांतल्या एखाद्या उपकेंद्रात अंतराचं इंजेक्शन शिल्लक आहे का, यावरून भांडण झाल्याचं कुणी ऐकलं आहे? कार्डावर फोटो छापता येतो, त्याचा मेळावा भरवता येतो, लाभार्थींचा आकडा सांगता येतो. नर्सच्या पगाराचा मेळावा भरत नाही. केंद्रानं २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना ही योजना खुली केली. म्हाताऱ्यांना मिळावं, मीही त्याच रांगेकडे निघालो आहे. पण विस्तार म्हटला की तो वयानं वर आणि रकमेनं वरच का जातो? विशीतल्या बाईकडे तो कधी वळणार?

तेव्हा विमा वाढवा, हवा तेवढा वाढवा. पण त्याचं बिल कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यावर फाडू नका. या दवाखान्याचा पैसा क्लेममधून येणार नाही, कधीच येणार नाही, म्हणून तो अंदाजपत्रकात वेगळा, नावानिशी दाखवलेला हवा. सप्तापुरात संध्याकाळी सहा ते नऊ उघडी असणारी जागा हवी, क्लास सुटायच्या वेळेला. कन्नड, मराठी, हिंदी, उर्दू बोलणारी सिस्टर हवी, आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर बाई हव्यात आणि एक दिवस पुरुषांशी बोलणारा पुरुष हवा. दाराशी आधार मागायचं नाही, बापाचं नाव विचारायचं नाही, लग्न झालं का हेही नाही. साधनं सगळी असावीत आणि एकाचंही उद्दिष्ट वरून ठरलेलं नसावं. हे सगळं मिळून वर्षाला जो खर्च येईल, त्याचा अंदाज महापालिकेनं एकदा काढून जाहीर करावा, आणि मग कार्डवाल्या शहाण्यांनी पुढे येऊन सांगावं की एवढा पैसा हुबळी-धारवाडला परवडत नाही.